औंढ्याचे पडदे कोण सांभाळणार?

हिंगोली जिल्ह्यात लायगो हा शब्द आता चहाच्या टपरीवरही चालतो. औंढा नागनाथजवळ, दुधाळ्याच्या शिवारात, गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहायची आहे. ६ एप्रिल २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले, ११ मे रोजी पायाभरणी झाली. तेव्हापासून मी या विषयावरची भाषणं ऐकतो आहे, पुरवण्या वाचतो आहे. त्यांत चार किलोमीटर लांबीच्या भुजा असतात, निर्वात नळ्या असतात, आइन्स्टाइन असतो, जमिनीचे चढलेले भाव असतात आणि जिल्ह्याचं नाव जगाच्या नकाशावर गेल्याचा आनंद असतो. या यंत्राकडे माणूस बघणार कशातून, हा प्रश्न मात्र एकाही व्यासपीठावरून मी ऐकलेला नाही.

बघणार पडद्यातून. कंट्रोल रूममध्ये बसलेल्या माणसाला आरसा दिसत नाही, लेसर दिसत नाही. आरशाची जी हालचाल मोजायची ती प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाइतकी असते. ती डोळ्यांना दिसण्याचा प्रश्नच येत नाही. त्याला दिसतात विंडो: आकडे, आलेख, हिरवे-लाल चौकोन, बटणं. त्याच्यासाठी त्या विंडो म्हणजेच यंत्र. विंडो उघडली नाही, भलत्याच मॉनिटरवर उघडली, किंवा तिच्यावरचे आकडे वाचता आले नाहीत, तर २,६०० कोटींची वेधशाळा त्या माणसापुरती आंधळी झाली. आणि ज्या थरावर या विंडो उघडतात तो थर आज जगभर पायापासून बदलला जातो आहे. आपण त्याकडे ढुंकूनही बघत नाही. या बेफिकिरीबद्दल मी लिहितो आहे, आणि रागाने लिहितो आहे.

अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथे लायगोच्या दोन वेधशाळा आहेत. तिथे यंत्राची हजारो मोजमापं एपिक्स नावाच्या नियंत्रण प्रणालीतून वाहतात. एपिक्स ही लॉस अलामॉस आणि आर्गोन या राष्ट्रीय प्रयोगशाळांमध्ये घडली. तिच्यावरचे पडदे बनवायला आणि चालवायला आर्गोनमध्येच तयार झालेला एक प्रोग्राम वापरतात: एमईडीएम, म्हणजे मोटिफ एडिटर अँड डिस्प्ले मॅनेजर. यातलं मोटिफ हे १९८९ सालचं टूलकिट. टूलकिट म्हणजे बटणं, याद्या, सरकपट्ट्या आणि विंडो तयार करून देणारा सांगाडा. मोटिफला एकाच विंडो-यंत्रणेशी बोलता येतं: एक्स, आवृत्ती ११. एक्सची सुरुवात १९८४ मध्ये एमआयटीत झाली आणि अकरावी आवृत्ती १९८७ च्या सप्टेंबरात आली. त्यानंतर बारावी आलीच नाही. औंढ्याचं यंत्र हॅनफर्ड-लिव्हिंग्स्टनच्याच घडणीचं म्हणून आखलेलं आहे, तेव्हा तिथली पडद्यांची पद्धतही त्याच्यासोबत येणार हे उघड आहे. एकविसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकात चालवायच्या यंत्राची दृष्टी १९८७ च्या एक्सवर टेकलेली असेल.

एवढ्यावर कोणी म्हणेल, जुनं आहे म्हणून वाईट कशाला? मीही तसं म्हणत नाही. जुनं असणं हा गुन्हा नाही. एकाच खुंटीला बांधलेलं असणं हा दोष आहे. हा दोष ओळखून तीस वर्षांपूर्वीच दोन विद्यार्थ्यांनी त्यावर उपाय शोधला होता, तो आपल्या अभियंत्यांना माहीत असायला हवा.

बर्कलीला शिकणारे स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस १९९५-९६ च्या सुमारास चित्रं संपादित करायचा जिंप नावाचा प्रोग्राम लिहीत होते. त्याच्या पहिल्या सार्वजनिक आवृत्त्या मोटिफवरच उभ्या होत्या. तेव्हा मोटिफ विकत घ्यावं लागे आणि त्याचा कोडही बंद होता (तो खुला झाला २०१२ साली, म्हणजे फार उशिरा). मॅटिस यांनी वैतागून स्वतःचं टूलकिट लिहायला घेतलं, तेच जीटीके. १९९८ च्या एप्रिलमध्ये त्याची पहिली पक्की आवृत्ती आली. टूलकिटच्या तळाशी त्यांनी एक वेगळा थर ठेवला, जीडीके. बटणाला, यादीला, मेनूला एक्सशी थेट बोलू द्यायचं नाही. जे काही बोलायचं ते जीडीकेने. सुरुवातीला हा थर अगदी पातळ होता, एक्सच्या हाकांना दिलेली नवी नावं, इतकाच. पण तो वेगळा होता, म्हणूनच पुढे जीटीके विंडोजवर नेता आलं, मॅकवर नेता आलं. प्रत्येक विंडो-यंत्रणेसाठी या थराखाली एकेक बॅकएंड लिहिला गेला, आणि वरचा प्रोग्राम जागचा हलला नाही.

डिसेंबर २००२ मध्ये आलेल्या जीटीके २.२ ने डिस्प्ले ही गोष्टच एक स्वतंत्र वस्तू म्हणून मांडली. डिस्प्ले म्हणजे विंडो-यंत्रणेशी जोडलेलं एक नातं: त्यात कीबोर्ड, माउस, जोडलेले सगळे मॉनिटर आले. आणि अशी किती नाती उघडी आहेत, त्यातलं मुख्य कोणतं, नवं कधी उघडलं, याची नोंद ठेवणारा एक डिस्प्ले मॅनेजर आला. एकच प्रोग्राम दोन वेगळ्या डिस्प्लेंवर विंडो उघडू लागला. चालू विंडो एका डिस्प्लेवरून उचलून दुसऱ्यावर ठेवणंही शक्य झालं. फेब्रुवारी २०११ मधल्या जीटीके ३ ने पुढचं पाऊल टाकलं. तोपर्यंत कोणता बॅकएंड हवा ते टूलकिट बांधतानाच ठरवावं लागे. आता एकाच बांधणीत अनेक बॅकएंड राहू लागले आणि प्रोग्राम सुरू होताना, समोर काय आहे ते पाहून, त्यातला एक निवडला जाऊ लागला. समोर वेलँड ही नवी विंडो-यंत्रणा सापडली तर वेलँड, नाहीतर एक्स. दोन्ही नसतील तर तो प्रसिद्ध संदेश येतो, जो लिनक्सवर काम केलेल्या प्रत्येकाने शिव्या घालत वाचलेला आहे: कॅनॉट ओपन डिस्प्ले.

मी हे सगळं सविस्तर सांगतो आहे, कारण आपल्याकडे याला प्लंबिंग समजतात. भिंतीआड लपलेलं, कंत्राटदाराने बघायचं काम. यात विचार आहे, धोरण आहे, हे कोणाच्या गावीही नसतं. कोणत्या यंत्रणेशी नातं ठेवायचं, कोणतं नातं कधी तोडायचं, तोडताना कोणाला किती वर्षांची मुदत द्यायची, हे निर्णय या थरात होतात, आणि ते घेणारी माणसं मोजकी असतात. ज्यांची माणसं तिथे बसलेली आहेत त्यांच्या सोयीने तो थर वळतो. आपली माणसं तिथे किती आहेत हे विचारायची वेळ आलेली आहे.

आता काय चाललं आहे ते बघा. २००८ मध्ये क्रिस्टियन होग्सबर्ग यांनी वेलँड सुरू केलं. एक्सचा खरोखरच मोठा दोष होता: एका विंडोत तुम्ही पासवर्ड टाइप करत असाल तर शेजारचा कोणताही प्रोग्राम तो वाचू शकत असे. एक्सच्या काळात सगळे प्रोग्राम एकमेकांवर विश्वास ठेवून चालत. वेलँडने तो विश्वास काढून घेतला. प्रोग्रामला फक्त स्वतःची विंडो दिसते, दुसऱ्याची नाही. हा बदल योग्य होता आणि मी त्याच्या बाजूने आहे. पुढे रेड हॅट या कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं की आपल्या लिनक्सच्या दहाव्या आवृत्तीत एक्सचा सर्व्हर नसेल. मे २०२५ मध्ये ती आवृत्ती तशीच आली. त्याआधी मार्च २०२५ मध्ये जीटीके ४.१८ ने एक्स-११ चा बॅकएंड बाद होणाऱ्या गोष्टींच्या यादीत टाकला; जीटीके ५ मध्ये तो काढायचा इरादा आहे. लिनक्सवरच्या नोम या डेस्कटॉपच्या सप्टेंबर २०२५ मधल्या ४९ व्या आवृत्तीत एक्सचं सत्र आधीपासूनच बंद करून दिलेलं आहे. हे एका रात्रीत घडलेलं नाही. सतरा वर्षं दवंडी पिटली जात होती. ज्यांनी ऐकली नाही त्यांनी आता अचानक घात झाला म्हणून ओरडू नये.

ऐकलं नाही ते कोणी? पहिले, आमचेच प्रोग्रामर. जीडीकेचा थर समोर असताना त्याला वळसा घालून थेट एक्सला हात घालणारे. विंडोचा एक्समधला क्रमांक काढायचा, त्यावर हवी ती कसरत करायची, आणि डिस्प्ले खरोखर एक्सचाच आहे का, हे तपासायची एक ओळसुद्धा लिहायची नाही. ती तपासणी जीडीकेमध्ये आयती दिलेली आहे. ती न केल्यामुळे असा प्रोग्राम वेलँडवर उघडला की कोसळतो. मग दुरुस्ती म्हणून काय करतात? प्रोग्राम सुरू करायच्या आधी एका ओळीत सांगून टाकतात, बॅकएंड एक्सच घे. झालं, चाललं. मी अशा स्क्रिप्ट पाहिल्या आहेत ज्यांत ही ओळ कोणी, का आणि कधीपर्यंतसाठी लिहिली याचा पत्ता नाही. लिहिणारा नोकरी सोडून गेलेला असतो. ती ओळ म्हणजे पुढच्या माणसाच्या गळ्यात बांधलेलं कर्ज आहे, आणि ते बांधणाऱ्याला मी अभियंता म्हणायला तयार नाही.

दुसरे, कार्यालयांतले ते साहेब, ज्यांचं एकच वाक्य ठरलेलं: चालतंय ना, मग हात लावू नका. या वाक्याने महाराष्ट्राचं जेवढं नुकसान केलं तेवढं कोणत्याही व्हायरसने केलं नसेल. आपल्याला याचा अनुभव नाही असं कोणी म्हणू नये. मराठी टाइपिंगचं काय झालं ते आठवा. सी-डॅकचे सुरेख वगैरे फॉन्ट, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी. त्यांच्या काळात तयार झालेल्या फायलींत अक्षर साठवलेलं नसायचं, फॉन्टमधल्या आकृतीचा क्रमांक साठवलेला असायचा. पडद्यावर 'हिंगोली' दिसे, फायलीत भलतंच काही असे. जोवर तोच फॉन्ट, तेच सॉफ्टवेअर, तोवर सगळं गोड. फॉन्ट गेला की फाईल म्हणजे नुसता कचरा. मजकूर आणि तो दाखवण्याची पद्धत यांच्यामध्ये जो थर असायला हवा होता तो नव्हता, म्हणून एका पिढीचे अर्ज, ठराव, पत्रकं, अंकांच्या मुद्रणप्रती कुलूपबंद झाल्या. ग्रामपंचायतीच्या जुन्या संगणकात असा मजकूर आजही निघतो आणि तो पुन्हा टाइप करावा लागतो. ही चूक युनिकोड आल्यावर सुधारली, पण तोवरचा भुर्दंड आपण भरला. आता वेधशाळेच्या पडद्यांच्या बाबतीत तेच वाक्य पुन्हा ऐकायची माझी तयारी नाही.

मराठीचाच आणखी एक दाखला देतो, कारण या थराचं महत्त्व त्यातून जितकं कळतं तितकं दुसऱ्या कशातून कळत नाही. आपली जोडाक्षरं, रफार, 'ऱ्या' मधला अर्धा र, हे सगळं पडद्यावर बरोबर बसवण्याचं काम हार्फबझ नावाची लायब्ररी करते. ती बॅकएंडच्या वर बसते. खाली एक्स असो की वेलँड, तिला फरक पडत नाही. म्हणून विंडो-यंत्रणा बदलताना मराठी अक्षरं मोडली नाहीत. वाचणाऱ्याला कळलंही नाही. टाइप करण्याचं तसं नाही. कीबोर्डवरून आलेली कळ, ती इन्स्क्रिप्ट या कीबोर्ड-मांडणीतून जाऊन अक्षर होणं, ते योग्य विंडोत पडणं, हे विंडो-यंत्रणेशी घट्ट बांधलेलं आहे. वेलँडमध्ये त्यासाठी वेगळा करार, म्हणजे प्रोटोकॉल, आहे, आणि पडदा सांभाळणाऱ्या प्रोग्रामने, म्हणजे कंपोझिटरने, तो पाळला तर मराठी टाइप करणं सुरळीत चालतं. ज्याने पाळला नाही तिथे इंग्रजी बिनबोभाट चालतं आणि मराठी अडू शकतं. इंग्रजीत लिहिणाऱ्या माणसाला हा दोष वर्षभर दिसणार नाही. मराठीत लिहिणाऱ्याला पहिल्या मिनिटाला दिसतो. म्हणून या थरात मराठी माणूस असायलाच हवा. त्याच्याशिवाय हा दोष नोंदवणार कोण?

आणि कोणी मला सांगू नये की हे आपल्या आवाक्यातलं नाही. मोकळ्या वापरासाठी असलेले लोहित फॉन्ट मुळात त्याच मॉड्युलर इन्फोटेकने पुण्यात घडवले आणि रेड हॅटमार्फत ते जगभरच्या लिनक्सवर पोचले. रेड हॅटच्या पुण्यातल्या कार्यालयात भारतीय भाषांच्या टाइपिंगवर वर्षानुवर्षं काम झालं. डोकं आपल्याकडे आहे. जिल्ह्याच्या पातळीवर ते डोकं घडवायची इच्छा नाही.

कॉलेजांबद्दल बोलतो, कारण मी मुलांना प्रोग्रामिंग शिकवतो आणि दरवर्षी तोच तमाशा बघतो. कॉम्प्युटर ग्राफिक्स या विषयाच्या प्रॅक्टिकलला मुलं आजही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं टर्बो सी उघडतात. निळा पडदा, ग्राफिक्स डॉट एच, इनिटग्राफ, आणि बीजीआय फोल्डरचा तो पाठ केलेला पत्ता. एक वर्तुळ, एक रेषा, हलणारी झोपडी किंवा मोटार, जर्नलवर सही. आता यात एक गोष्ट कोणी मुलाला सांगत नाही. ते बीजीआय म्हणजे त्या काळचा बॅकएंडच होता. टर्बो सी बनवणाऱ्या बोर्लंडने प्रत्येक ग्राफिक्स कार्डासाठी वेगळा ड्रायव्हर दिला होता, आणि डिटेक्ट असं लिहिलं की समोर कोणतं कार्ड आहे ते पाहून योग्य ड्रायव्हर निवडला जायचा. जीडीके आज जे वेलँड आणि एक्सच्या बाबतीत करतं त्याचंच ते छोटं रूप. एवढं जरी समजावून सांगितलं असतं तरी त्या जुनाट प्रॅक्टिकलचं चीज झालं असतं. पण समजावणाऱ्यालाच ते माहीत नसतं. वर, टर्बो सी आजच्या संगणकावर सरळ चालत नाही म्हणून मुलं ते डॉसबॉक्समध्ये चालवतात. डॉसबॉक्स एसडीएल या लायब्ररीवर चालतं. आणि एसडीएलच्या पोटात एक्स आणि वेलँडचे जिवंत बॅकएंड आहेत. म्हणजे जे शिकायला हवं त्याच्या डोक्यावर बसून मुलगा तीस वर्षांपूर्वी मेलेली गोष्ट घोकतो, आणि त्याखाली काय आहे ते उकरून बघायला त्याला कोणी सांगत नाही.

माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाने पायथन आणि जीटीके वापरून हळदीच्या बाजारभावाचा फलक बनवला होता. एका विंडोत भाव भरायचे, दुसऱ्या मॉनिटरवर, शेतकऱ्यांकडे तोंड करून, मोठ्या मराठी अक्षरांत ते दिसायचे. मॉनिटरची यादी तो डिस्प्लेकडून मागून घेत होता. दुसरा मॉनिटर काढला तर विंडो मुकाट्याने पहिल्यावर येत होती, परत जोडला तर परत जात होती. मॉनिटर मध्येच गेला तर काय, हा विचार पगार घेणारी माणसंही करत नाहीत. परीक्षकांनी ते बघितलं आणि अभ्यासक्रमात नाही म्हणून बाजूला सारलं. त्याच्याकडून त्यांनी ग्राफिक्स डॉट एच मधली झोपडी मागितली. मुलाने ती दिली, कारण त्याला पास व्हायचं होतं. वेधशाळा आपल्या दारात येणार आणि तिचे पडदे सांभाळू शकेल अशा मुलाला आपण झोपडी काढायला लावतो. हा अभ्यासक्रम ज्यांनी तसाच ठेवला आहे त्यांना मी या मुलांचे गुन्हेगार मानतो.

आता उलट बाजूने येणारी उत्तरं मला पाठ आहेत. एक म्हणजे, एक्सवेलँड आहे की. खरं आहे. वेलँडच्या आत एक्सचा एक सर्व्हर चालवता येतो आणि जुने प्रोग्राम त्यात उघडतात. एमईडीएमसुद्धा उघडेल. पण कंट्रोल रूम म्हणजे घरचा लॅपटॉप नव्हे. तिथे एकेका टेबलावर अनेक मॉनिटर असतात, भिंतीवर आणखी मोठे पडदे असतात, आणि कोणती विंडो कुठे असावी हे ठरलेलं असतं. रात्रपाळीचा माणूस न शोधता नजर टाकतो आणि त्याला हवा तो आकडा तिथेच सापडतो. एक्समध्ये प्रोग्राम स्वतःची विंडो नेमक्या जागी ठेवू शकत होता. वेलँडमध्ये प्रोग्रामला आपण पडद्यावर कुठे आहोत हेच कळत नाही, तर जागा काय ठरवणार? जीटीके ४ ने म्हणूनच विंडो हलवण्याची हाक काढून टाकली. जागा आता कंपोझिटरने ठरवायची, आणि कार्यालयीन वापरापुरतं ते ठीक आहे. कंट्रोल रूमसाठी ते ठीक नाही. त्यावर तोडगा काय असावा याचा वाद वेलँडच्या लोकांत वर्षानुवर्षं चालू आहे, आणि त्या वादात ज्यांच्याकडे खरोखर कंट्रोल रूम आहेत त्यांचा आवाज जोरात यायला हवा. इथे मी टूलकिटवाल्यांनाही सोडणार नाही: जुनी सोय काढताना तिच्यावर कोणाचं काम अडलेलं आहे हे विचारायची जबाबदारी त्यांची होती, आणि ती त्यांनी अर्धवट पाळली. पण विचारायला त्यांनी आपलं दार ठोठावावं अशी अपेक्षा करणाराही तितकाच चुकीचा. आपण त्या खोलीत असायला हवं होतं.

दुसरं उत्तर, आता सगळं ब्राउझरमध्येच चालतं, टूलकिट हवं कोणाला? हे वाक्य बोलणाऱ्याने लिनक्सवरचा फायरफॉक्स उकलून पाहावा. तो जीटीकेवर उभा आहे. त्याने वेगळं न सांगता आपणहून वेलँड वापरायला सुरुवात केली ती १२१ व्या आवृत्तीत, डिसेंबर २०२३ मध्ये, आणि तिथपर्यंत पोचायला कितीतरी वर्षांची खटपट लागली. ब्राउझर या प्रश्नातून सुटलेला नाही. तुमच्या वतीने तो दुसऱ्या कोणीतरी सोडवला, एवढंच.

तिसरं उत्तर सगळ्यात लाजिरवाणं: अमेरिकेतली माणसं बघतील. कोणती माणसं? २०२६ या आर्थिक वर्षासाठी अमेरिकी सरकारने मांडलेल्या अर्थसंकल्पाच्या प्रस्तावात लायगोच्या दोनपैकी एक वेधशाळा बंद ठेवावी असं सुचवलेलं होतं. ज्यांना स्वतःचं निम्मं घर वाचवण्यासाठी भांडावं लागतं त्यांनी औंढ्याच्या विंडो दुरुस्त करून द्याव्यात, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? ३१ मार्च २०१६ रोजी लायगो-इंडियाच्या सामंजस्य करारावर सही करताना आपण भागीदार म्हणून सही केली होती. भागीदाराच्या वाट्याला फक्त उद्घाटनाच्या फिती येत नाहीत.

काम अशक्य नाही, हेच मला सगळ्यात जास्त खुपतं. स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर संस्थेने सीएक्यूटीडीएम हा प्रोग्राम क्यूटी या टूलकिटवर लिहिलेला आहे आणि एमईडीएमच्या जुन्या पडद्यांच्या फायली त्याच्या स्वरूपात बदलून घ्यायचं साधनही सोबत दिलेलं आहे. क्यूटीलाही जीटीकेसारखाच तळाचा वेगळा थर आहे, वेलँडशी बोलणारा बॅकएंड आहे. गांधीनगरची आयपीआर ही प्लाझ्मा संशोधन संस्था लायगो-इंडियातही आहे आणि ईटर या फ्रान्समधल्या संलयन प्रकल्पाचं भारताचं कामही तिथूनच चालतं. ईटरचं नियंत्रण एपिक्सवरच आहे. म्हणजे या विषयाची ओळख असलेली माणसं आपल्याच संस्थांमध्ये बसलेली आहेत. पुण्याची आयुका, इंदूरची आरआरकॅट, गांधीनगरची आयपीआर या तिन्ही संस्थांनी मिळून पाच-सात जणांचं एक कायम पथक हिंगोलीत बसवावं, कंत्राटावर नव्हे, आणि त्याचं काम फक्त पडदे: डिस्प्ले, बॅकएंड, मॉनिटर, टाइपिंग. त्या पथकाने केलेली प्रत्येक दुरुस्ती स्वतःच्या कपाटात न ठेवता मूळ जीटीके, क्यूटी, वेलँड, एपिक्सकडे पाठवावी, म्हणजे पुढच्या आवृत्तीत ती पुन्हा करावी लागणार नाही. दरवर्षी हिंगोली, परभणी, नांदेडच्या कॉलेजांतली मुलं या पथकाकडे शिकाऊ म्हणून घ्यावीत. मार्च २०२५ च्या त्याच जीटीकेमध्ये अँड्रॉइडसाठी एक नवा, अजून कच्चा बॅकएंड आलेला आहे. आपल्या जिल्ह्यातल्या बहुतेक मुलांच्या हातात पहिला संगणक म्हणून अँड्रॉइडचा फोनच येतो. या बॅकएंडचे दोष शोधायला त्यांच्याहून योग्य माणसं कुठली सापडणार? टर्बो सी मधल्या झोपडीच्या जागी त्यांना ते काम द्या.

वेधशाळेला भेट द्यायला गावोगावची शाळकरी मुलं येणार आहेत. त्यांच्यासाठी जे पडदे लागतील ते मराठीत असावेत, आणि भाषांतर केलेली चित्रं चिकटवून नव्हे. तिथे बसलेल्या शिक्षकाला स्वतःच्या हाताने मराठीत प्रश्न टाइप करता आला पाहिजे. आणि वेधशाळा सुरू होण्याच्या आधी, कंट्रोल रूममध्ये लागणारा प्रत्येक पडदा, एक्स-११ पूर्ण बंद करून, सगळ्या मॉनिटरवर ठरलेल्या जागी एकदा उघडून दाखवावा. ही चाचणी स्वीकृतीच्या अटींमध्ये लिहून घ्या. जो पडदा त्यात उघडला नाही, त्याचं काम अपुरं समजून त्याचं बिल अडवा.